एका रिमोटवरचे दोन अंगठे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आम्ही ओंडक्यावरून नदीत पडलो.

दुपारची जेवणं झाली होती. फाल्गुन लागला होता, पत्रे तापायला सुरुवात झाली होती, म्हणून मी दाराला पोतं ओलं करून लावलं होतं. टीव्हीसमोर सतरंजी, सतरंजीवर आम्ही नवरा-बायको मांडीला मांडी लावून, आणि दोघांच्या मध्ये व्हिडिओ गेमचा एक रिमोट. त्याची डावी बाजू माझ्या हातात, उजवी तिच्या. पडद्यावर आमचा गडी पाठीवर गाठोडं घेऊन पळत होता. खड्डे ओलांडले, अंगावर येणाऱ्या पाखरांना दगड मारले, डोंगर उतरला आणि नदीवर आला. नदीत ओंडके वाहतात. एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत पलीकडे जायचं. पलीकडे काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण नदीच्या निम्म्यापुढे आम्ही कधी गेलोच नाही. त्या दिवशीही निम्म्यातच घसरलो.

“मरी गया ना!” ती म्हणाली. रिमोटवरचा अंगठा काढून तिने पदराला पुसला. “बस करा आते. हाऊ गडी थकी गया. सकायमा देखूत.”

सकाळी बघू, म्हणाली. मी गेम बंद केला. तिने कॅसेट उपसून काढली आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने तिची पितळी कड पुसली. मी फुंकर मारायला गेलो तर हातावर चापट मारली. तोंडाची वाफ लागली की पितळ काळं पडतं, असं तिचं म्हणणं. सगळी गल्ली कॅसेटीत फुंकर मारायची तेव्हा आमच्या घरात फुंकर बंद होती. मग ती चहा ठेवायला उठली.

चहा झालाच नाही. स्टोव्हपाशी बसली, छातीला हात लावला, म्हणाली पाणी द्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. ज्यांच्या घरात झालं त्यांना माहीत आहे, ज्यांच्या नाही झालं त्यांना सांगून समजत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही उजव्या हाताने. लिहितोय डाव्या हाताने, म्हणजे या हाताची शाळाच झालेली नाही. धरणगावला जिनात कामाला होतो. जिनात कापसातून सरकी वेगळी करतात. तिथल्या यंत्राने माझ्या उजव्या हाताचा अंगठा नेला आणि त्याच्या शेजारचं बोट नेलं. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हा. ती फार रडली नाही. मी घरी आलो त्या दिवसापासून माझ्या सदऱ्याची बटणं लावायला लागली, आणि गेली त्या दिवशी सकाळीही तिनेच लावली होती. जिनाने मला फाटकावर बसवलं. डाव्या हाताने काठी धरायची, डाव्या हाताने सलाम ठोकायचा. उजवा हात मी खिशात घातला तो घातलाच. पंगतीत वाढायला जायचो नाही, देवाला फूल वाहायचो नाही. ते सगळं तिच्याकडे दिलं. माझ्या लेखी तो हात मेला होता.

ती म्हणायची, “तुम्हना अंगठा गया. अक्कल थोडीच गई!”

व्हिडिओ गेम आमच्या घरी मुलाने आणला. तो धुळ्याला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आहे. कोणी गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून पुन्हा फिरकलंच नाही, तेव्हा मालकाने यालाच दिला. पांढरा डबा, वरून कॅसेट खोचायची फट, पुढे वायरीला लोंबणारे दोन रिमोट. दिवाळीच्या सुट्टीत त्याने तो टीव्हीला जोडला, चार दिवस खेळला, आणि सुट्टी संपल्यावर एसटीत गर्दी असते म्हणून इथेच ठेवून गेला. तिथेच त्याची चूक झाली. परत न्यायला आला तेव्हा त्याच्या आईने दिला नाही.

त्या कॅसेटीत पुष्कळ खेळ होते. यादी इंग्रजीत, आणि आम्ही दोघंही इंग्रजीला मोकळे. आम्ही वरून मोजायचो. सहावा म्हणजे गाठोडंवाला गडी. खालच्या पानावरही तेच तेच खेळ निराळ्या नावाने येतात, हे आम्हाला वाचता येत नसूनही समजलं. कारण गडी तोच, गाठोडं तेच. ती म्हणाली, “दुकानदार बठ्ठीकडे सारखाच.” सगळीकडे सारखाच, आणि खरंच होतं ते.

पहिले काही दिवस ती एकटीच खेळायची आणि मी मागून ओरडायचो. डावीकडे ने, अगं डावीकडे, मेला तो! एक दिवस ती वैतागली. रिमोटची डावी बाजू माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, “तुम्हीच न्या मग डावीकडे. मी उडी मारते.” रिमोटला डाव्या बाजूला एक फुली असते, तिने गडी इकडे तिकडे जातो. उजव्या बाजूला दोन बटणं, एकाने उडी, एकाने दगड. म्हणजे फुलीला डावा अंगठा लागतो आणि बटणांना उजवा. डावा माझ्याकडे होता, उजवा तिच्याकडे होता. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. दुसरा रिमोट आम्ही गुंडाळून कपाटात टाकला.

तिला उडीची वेळ कळावी म्हणून मी गुडघा हलवायचो. खड्डा आला की माझा गुडघा तिच्या गुडघ्याला, की तिचा अंगठा बटणावर. निदान मी तसं समजत होतो. त्यावर मी पुढे येतो.

जिनाचा हंगाम संपला की मी घरी. ती सकाळी शेंगा फोडायला जायची, दुपारी मोकळी. लाईट असली की आम्ही बसायचो. लाईट गेली की त्या गड्याचं सगळं पळणं वाया. पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात. ती वीजवाल्यांना अशा शिव्या द्यायची की शेजारी दार लोटून घ्यायचे. आल्यागेल्याला नवल वाटायचं. म्हातारा-म्हातारी गेम खेळतात म्हणून गल्लीतल्या बायका हसायच्या. ती म्हणायची, तुमचे म्हातारे पत्ते कुटतात, बाहेर उधाऱ्या करतात, माझा म्हातारा माझ्या मांडीशी बसतो. तुम्हाला कुठे दुखतंय?

आमच्या भिंतीला भिंत लागून पिंजाऱ्याचं घर. तो गाद्या भरतो. मी कापसातून सरकी काढणारा, तो त्याच कापसाला झोडपणारा, त्यामुळे आमची जुनी दोस्ती. त्याच्या जावयाने आखातातून त्याला एक काळं यंत्र पाठवलं. आमच्यापेक्षा नवं, चित्र जास्त रंगीत, आवाज मोठा. झालं, गल्लीत दोन तट पडले. पांढऱ्या डब्याचे आणि काळ्या डब्याचे. पिंजारी मुद्दाम दार उघडं ठेवून खेळायचा.

“नाना, तुझा गेम म्हणजे बैलगाडी,” तो ओट्यावरून म्हणायचा. “माझी मोटार आहे मोटार.”

“मोटारीला रस्ता लागतो,” मी म्हणायचो. “आपल्या गल्लीतून बैलगाडीच जाते.”

“जळतो तू.”

“जळत असतो तर तुझ्या गाद्या आधी पेटल्या असत्या.”

एकदा त्याने आम्हाला बोलावून नेलं. कोरा चहा पाजला आणि काळ्या यंत्राचा रिमोट आमच्या हातात दिला. आमचा चौकोनी, वहीच्या पुठ्ठ्यासारखा सरळ. त्याचा गोलमटोल, हातातून निसटणारा. आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून बसलो. तिने उजवीकडे पाहिलं तर तिथे एका रांगेत तीन बटणं.

“भाऊ, एका अंगठ्याला तीन सासवा?” ती पिंजाऱ्याला म्हणाली.

“अक्का, सवय होते.”

“एका सासूची झाली नाही, तीनची कधी होईल?”

पिंजारी एवढा हसला की त्याला ठसका लागला. पण तिने रिमोट खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. घरी येताना मला म्हणाली, आपला बरा. आमच्या घराण्याने तेव्हापासून पांढरा डबा धरला तो धरला. पुढे त्यापेक्षा नवी यंत्रं आली, दुकानांत लागली, मुलाने पुस्तकातले फोटो दाखवले. मी दर वेळी एकच विचारतो, उजव्या अंगठ्याला बटणं किती? आकडा ऐकला की पान उलटतो. लोक याला अडाणीपणा म्हणतात. म्हणू द्या. ज्याच्या त्याच्या घरात काय बसतं ते ज्याला त्याला ठाऊक.

दसऱ्याची गोष्ट सांगायला हवी. दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं पुजतात. गाडीवाला गाडी, शिंपी मशीन, पिंजाऱ्याचं कापूस पिंजायचं धनुकलंसुद्धा त्या दिवशी स्वच्छ पुसून खुंटीला लागतं. आमच्या घरात तिने विळी पुजली, माझी काठी पुजली, आणि मग गेमचा डबा पाटावर मांडला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, रिमोटच्या बटणांनाही बोट टेकवलं, वर झेंडू ठेवला आणि मूठभर अक्षता टाकल्या. मी म्हटलं, झालं ना, आता लाव. लावला. टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून आम्ही पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. गाडीभर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आजारी लेकरू घेतात तशी. दुकानात मुलाने पेचकसाने डबा उघडला, उलटा करून ठोकला, आणि कॅसेटीच्या फटीतून टेबलावर तांदूळ पडले. पिवळे. हळद लागलेले.

तो बघतच राहिला. “आई, गेमचं लग्न लावलं का?”

दुकानातले सगळे हसले. मालक हसला. मीही हसलो. ती हसली नाही.

“लगीन नही, पूजा व्हती,” ती म्हणाली.

“यंत्राची कसली पूजा! यंत्राला तांदूळ चालत नाहीत.”

“तुझ्या बापाच्या जिनात मालक यंत्र पुजायचा. आपण कधी पुजलं नाही. ते यंत्र मालकाचं होतं, त्याने आपल्याला ओळखलंच नाही. हे आपलं आहे.”

कोणी हसलं नाही मग. मुलाने मान खाली घालून फट स्वच्छ केली, अडकलेला दाणा चिमट्याने काढला. पुढच्या दसऱ्यापासून तिने अक्षता बंद केल्या, नुसतं कुंकू लावायची. त्या कुंकवाची लाल कड बटणांच्या बेचक्यात अजून आहे. पुसून जात नाही, आणि मी पुसतही नाही.

ती गेल्यावर टीव्हीवर चादर टाकली. सुतकात टीव्ही लावत नाहीत. माणसं दारावर येऊन बसायची, मी त्यांच्या समोर बसायचो. कोणी म्हणे, सोन्यासारखं मरण आलं, कोणाला त्रास नाही. मला हे ऐकून राग यायचा. मला त्रास झालेला चालला असता. बटणाचे सदरे मी बांधून ठेवले आणि बंडी घालायला लागलो.

तेरावं झाल्यावर मुलाने मला धुळ्याला नेलं. सून चांगली आहे. तिच्याबद्दल वाईट लिहायला माझ्याकडे काही नाही, आणि असतं तर लिहिलंच असतं. माझं मन रमावं म्हणून मुलाने कुठून तरी एक सीडीवालं यंत्र आणलं. राखाडी, वर झाकण, आत ताटलीसारखी चकती फिरते. चित्र असं की सिनेमा चाललाय. पण आधी थांबा. चकती फिरते, काळं होतं, पुन्हा थांबा. आमची कॅसेट खोचली की गडी पळायला लागतो. याच्या रिमोटला बैलासारखी दोन शिंगं. समोर बटणं, आणि मागच्या बाजूलाही बटणं, ती अंगठ्याशेजारच्या बोटाने दाबायची. ज्या बोटाने दाबायची तेच माझं जिनात राहिलंय. मी डाव्या अंगठ्याने मोटार वळवली. ती जागच्या जागी गोल फिरत राहिली.

सून म्हणाली, “आबा, मी दाबू का बटणं?”

मनापासून म्हणाली. पण सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून सून कशी बसेल? ती पदर सावरून हातभर लांब बसली आणि तिथून हात लांबवून रिमोटचं एक शिंग धरलं. मी दुसरं धरलं. दोघांच्या मध्ये रिमोट अधांतरी. दोघंही टीव्हीकडे न बघता एकमेकांना धक्का लागू नये म्हणून रिमोटकडेच बघतोय. मोटार जाऊन भिंतीवर आदळली. “राहू दे बाई,” मी म्हटलं, “तुझी पोळी करपेल.” तिलाही सुटल्यासारखं झालं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, आणि तिची पहिली आखाजी होती. घागर तिच्या घरातच भरायची, असं मी सांगितलं. मुलगा तयार झाला, पण त्याने त्याचं गणित मांडलं.

“घागर भरू. मग ते घर भाड्याने देऊ. टीव्ही इकडे आणू. तुम्ही कायमचे इकडे.”

“आणि गेम?”

“तो डबा आता कोण खेळतो, आबा? देऊन टाकू कोणाला.”

“मी खेळतो.”

“कसा?” त्याने विचारलं. दुखवायचं म्हणून नाही, तो तसाच सरळ बोलतो, माझ्यावर गेलाय. “उडीचं बटण दाबायला तुम्हाला अंगठा कुठंय? आई दाबायची. तिथे एकटे बसून भिंतीकडे बघणार, दुसरं काय. एक खड्डा एकट्याने ओलांडून दाखवा, मी घर भाड्याने देणार नाही, तुम्हाला इकडे चला म्हणणार नाही. बास?”

“बास,” मी म्हटलं.

तो ते बोलून गेला असेल. मी धरून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी एसटीत बसून मी एकटा घरी आलो, आखाजीच्या आधी. मला तो खड्डा ओलांडायचा होता. त्या घरात माझी चाळीस-एक वर्षं होती, तिची भांडी होती, सतरंजी होती. धुळ्याला मला दोन वेळचं गरम मिळालं असतं, पण मी तिथे पाहुणा म्हणून मेलो असतो.

टीव्हीवरची चादर काढली तेव्हा समोरच्या घरातली म्हातारी कुरकुरली, वर्ष झालं नाही अजून. मी म्हटलं, माझी बायको टीव्ही बघत नव्हती, खेळत होती. खेळाचं सुतक मला कोणी सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी पायाचा अंगठा लावून पाहिला. रिमोट घसरतो. उजव्या मनगटाला फडक्याने चमचा बांधला. चमचा बटणावर बसेपर्यंत गडी खड्ड्यात. फुली आणि बटणं दोन्ही डाव्या हातानेच दाबून पाहिली. बोटं तिथपर्यंत जातात, पण तोवर गडी उभाच राहतो, आणि उभा राहिला की मागून पाखरं खातात. पहिला खड्डा म्हणजे काय, नाली. पहिल्याच धावेत येतो. आम्ही दोघं बोलत बोलत ओलांडायचो त्याला. आता तो विहिरीसारखा वाटायला लागला.

संध्याकाळी पिंजारी आला. माझ्या उजवीकडे सतरंजीवर बसला आणि मांडीला मांडी लावून त्याने रिमोटची दुसरी बाजू धरली.

“काळ्या डब्याचा माणूस पांढऱ्याला हात लावतोय,” मी म्हटलं.

“अक्काला सांगू नको,” तो म्हणाला.

मी गडी पळवला. खड्डा आला, मी त्याच्या गुडघ्याला गुडघा मारला. त्याने दाबलं. गडी खड्ड्यात.

“उशिरा दाबलं तू.”

“तू मारल्या मारल्या दाबलं, नाना.”

पुन्हा. पुन्हा खड्ड्यात. मी म्हटलं, तुझा अंगठा गादीसारखा जड झालाय. तो म्हणाला, तुझा गुडघा बैलगाडीचा आहे, वेळेवर पोचत नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्याने रिमोट खाली ठेवला आणि गंभीर झाला.

“नाना, राग मानू नको. तू गुडघा मारतो तोपर्यंत गडी खड्ड्याच्या तोंडावर गेलेला असतो. त्यानंतर कोणीही दाबलं तरी तो पडणारच.”

“ती कशी मग इतकी वर्षं ओलांडायची?”

“ती तुझ्या गुडघ्यावर नव्हती,” पिंजारी म्हणाला. “ती आधीच दाबायची.”

मी त्याला घरी जा म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं. मग एकटाच बसलो. माझा गुडघा हलायचा तेव्हा गडी हवेत असायचा, हे मला तेव्हा आठवलं. मी इशारा देतोय असं मला वाटायचं, आणि तिची उडी होऊन गेलेली असायची. तिने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. उलट गुडघा लागला की हूं म्हणायची.

म्हणजे मला नुसतं बटण दाबायचं नव्हतं. कधी दाबायचं ते शिकायचं होतं, आणि ते माझ्याकडे कधी नव्हतंच. ठीक. म्हटलं, शिकू. ती शेंगा फोडणारी बाई शिकली, मी फाटकावर बसणारा शिकेन. उडीचं बटण सोडून, नुसती फुली दाबून मी बघत बसलो. गड्याला पळू द्यायचं, मरू द्यायचं, आणि खड्ड्याच्या अलीकडे उडी कुठून निघायला हवी ती जागा डोळ्यांनी धरायची. खड्ड्याच्या अलीकडे एक ठेंगणं झुडूप आहे. इतक्या वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं. झुडूप संपलं की उडी. वेळ सापडली. हात तेवढा सापडेना.

आखाजीला मुलगा आणि सून सकाळीच आले. गल्लीत निंबाखाली पत्त्यांचे डाव बसले होते. आखाजीला आमच्याकडे पत्त्यांना कोणी नाव ठेवत नाही, पोलीससुद्धा बघून न बघितल्यासारखं करतात. माहेरवाशिणी झोक्यावर गात होत्या. आमच्या घरात सुनेने आंब्याचा रस केला, सांजोऱ्या तळल्या, कुरडया तळल्या. नव्या मातीच्या घागरीत पाणी भरलं, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मला म्हणाली, “आबा, कुंकू तुम्ही लावा.”

मी डावा हात पुढे केला.

“डावा नको आबा. उजव्याने.”

“उजव्याला आहे काय?” मी म्हटलं.

“करंगळीशेजारचं बोट तर आहे ना? कुंकू त्यानेच लावतात.”

मी खिशातून हात काढला. किती वर्षांनी तो हात चारचौघांत बाहेर आला असेल. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि घागरीला टेकवलं. ठिपका नीट उमटला. पसरला नाही. मी त्या बोटाकडे बघत राहिलो. मग गोवरीच्या निखाऱ्यावर पोळीचा तुपातला घास टाकला, तोही उजव्या हाताने. मुलाला वाटलं मी आईच्या आठवणीने गप्प झालोय. मी खरं सांगतो, मी त्या क्षणी रिमोटच्या बटणाचा विचार करत होतो.

संध्याकाळी मुलाने विचारलं, “खड्डा?”

“नाही झाला.”

तो आवराआवरीला लागला. टीव्ही गोधडीत गुंडाळून सुतळीने आवळला. गेमचा डबा त्याने कोपऱ्यात ठेवून दिला, पिंजाऱ्याला देऊ म्हणाला. टेम्पो सकाळी येणार होता. मी जेवलो आणि झोपलो. लाईट नव्हतीच, त्यामुळे भांडण्यातही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच उठलो. आधी पंख्याचं बटण दाबून पाहिलं. लाईट होती. सुतळीच्या गाठी डाव्या हाताने आणि दातांनी सोडल्या. मुलाने गाठी घट्ट मारल्या होत्या, एक सुटेना तेव्हा विळीवर धरून कापली. गोधडी बाजूला केली, टीव्ही जागेवर सरकवला, डबा जोडला. कॅसेटीची कड चिंधीने पुसली. फुंकर मारली नाही.

मग स्वयंपाकघरातून पोळपाट आणला. सतरंजीवर ठेवला, त्यावर रिमोट सपाट ठेवला, आणि तिच्या जागेवर बसलो. माझी नेहमीची जागा डावीकडची, तिथून उजवा हात आडवा येतो. डावा अंगठा फुलीवर, उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वरून बटणावर, घागरीला कुंकू लावलं तसं. बटणाभोवती तिच्या कुंकवाची कड होतीच.

वरून सहावा. गडी पळाला. झुडूप संपायच्या आत दाबलं. खड्ड्यात.

पुन्हा. या वेळी उशीर झाला. माझा गुडघा हलला होता, सवयीने. मी गुडघ्यावर उशी ठेवली.

आवाजाने मुलगा उठला. तोंडात दंतमंजन, हातात तांब्या, तसाच दारात येऊन उभा राहिला. मागे सून. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

“आबा, टेम्पो आलाय,” मुलगा म्हणाला.

गडी पळाला. झुडूप आलं, झुडूप संपलं, बोट खाली गेलं. गडी वर उचलला गेला, गाठोडं पाठीवर हललं, आणि तो खड्ड्याच्या पलीकडे दोन्ही पायांवर उतरला.

पलीकडच्या भिंतीवर धपकन थाप पडली. पिंजारी ओरडला, “ओलांडला का रे?”

“ओलांडला!” मी म्हटलं.

मुलगा दारातच होता. हॉर्न पुन्हा वाजला.

“त्याला चहा दे,” मी म्हटलं, “आणि रिकामा पाठव.”

त्याने तांब्या खाली ठेवला आणि बाहेर गेला. पाखरू यायच्या आत मी बोट दगडाच्या बटणावर नेलं.